डिझेल संपलं नव्हतं

आप्पा, तुमच्या अंत्ययात्रेमुळे नवापूरचा महामार्ग पाऊण तास बंद पडला होता.

कोणी ठरवून केलं नव्हतं. सुरतेकडून येणाऱ्या ड्रायव्हरांना बातमी कळत गेली तसा जो तो गाडी बाजूला लावून उतरत गेला. बाजूला म्हणजे कुठे, तर जिथे जागा सापडली तिथे. तूरडाळीचा एक ट्रक तर थेट पुलाच्या तोंडाशी आडवा. तुम्ही असतात तर त्या ड्रायव्हरला आधी चार शिव्या घातल्या असत्या आणि मग स्वतःच वर चढून गाडी मागे घेतली असती. शेवटी मी पदर खोचून पुढे गेले आणि ओरडले, "आरे, मांगे ले ती गाडी! आप्पा उठी बसतीन!" तो हसला, मी हसले, खांदा देणारे चौघंही हसले. तुमचा किशोर मडकं धरून पुढे चालत होता, त्याचेही खांदे हलताना मी पाहिले. पुढच्या वळणावर मात्र ते हसण्याने हलत नव्हते.

बायका स्मशानात जात नाहीत आपल्याकडे. मला कोणी अडवलं नाही. मी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या रांगेत होते.

त्या रांगेत आता आपण किती उरलो होतो, आप्पा? माझे वडील ब्राह्मणपुरीहून नवापूरला आले आणि तुम्ही कळसाडीहून. दोघांच्या घरी शेती, दोघांनाही ती भावाच्या हाती सोपवून ट्रक घ्यायची हौस. डाळीच्या मिला सुरू झाल्या होत्या, लाकडाच्या वखारी होत्या, पुढे पोल्ट्र्या आल्या. स्टेशनपासून महामार्गापर्यंत ट्रान्सपोर्टच्या सात पेढ्या. प्रत्येकीची एक खोली, एक बाकडं, एक माठ आणि कुलूप घातलेला फोन. नंदुरबारहून मिरचीचा ट्रक येऊन उभा राहिला की सातही पेढ्या एकदम शिंकायच्या. तुमची शिंक सगळ्यात मोठी. ती ऐकून माझी आई घरात म्हणायची, "मिरची वनी वाटतं."

पेढ्यांची नावं फलकांवर देवादिकांची होती, पण गावात ती कोणी घेत नसे. तुमच्या गाड्या निळ्या, आमच्या हिरव्या. मिलवाला मुनिमाला विचारायचा, "निळ्यातून पाठवू का हिरव्यातून?" बस्स, एवढंच. आणि रस्त्याच्या अलीकडे हिरवे, पलीकडे निळे, मध्ये सोळा पावलं. तुम्ही आणि माझे वडील ती सोळा पावलं चालून एकमेकांकडे कधी गेला नाहीत. जे बोलायचं ते रस्त्यावरून ओरडून.

पहिल्यांदा तुम्ही रस्ता ओलांडून आलात ते वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा. मी सव्वीस वर्षांची, बी.कॉम., शहाद्याच्या शाळेत कारकुनीसाठी अर्ज केलेला. वडिलांची डावी बाजू गेलेली, भाऊ नाशिकला नोकरीत. मी म्हटलं, चार दिवस ऑफिसात बसते. तुम्ही वडिलांच्या खाटेजवळ उभे राहिलात, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलंत. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "तू बसनी का गादीवर?"

"हो."

"बरं शे. आते भांडाले मजा नही येवाव. पोरीसंगे काय भांडू मी?"

मला इतका राग आला, आप्पा, की शाळेतून कारकुनीचं बोलावणं आलं ते मी परत पाठवलं. तुम्ही हे कधी मानलं नाहीत, पण मी या धंद्यात राहिले ती तुमच्या त्या एका वाक्यामुळे.

आणि सहा महिन्यांत मी तुमच्याकडचं पोल्ट्रीचं काम ओढून आणलं. एक दिवसाची पिल्लं, भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून, उबवणी केंद्रातून साक्री, मालेगावकडच्या शेडांवर पोचवायची. नाजूक काम, पण बारा महिने चालणारं. तिथले व्यवस्थापक माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "ताई, एक खेप देऊन बघतो. काही झालं तर पुन्हा विचारू नका." मी म्हटलं, काही होणार नाही. त्या एका खेपेवर आमच्या घराचं पुढचं सगळं उभं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.

तो दिवस मी आजवर कोणापुढे धड सांगितलेला नाही. आज सांगते. तुम्ही आता मला गप्प बसवू शकत नाही.

उन्हाळा होता. खोकी भरायला उशीर झाला, सकाळी सहाला निघायची गाडी नऊला निघाली. मी स्वतः पुढे बसले होते, आमच्या रेवजीदादांच्या शेजारी. रेवजीदादा वसावे आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, अर्धा शब्द बोलायचे, तोही गरज असेल तर. कोंडाईबारीच्या घाटात अर्ध्या चढावर गाडीने आचका दिला आणि थांबली. रेवजीदादांनी दोनदा प्रयत्न केला, खाली उतरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "क्लच प्लेट."

"म्हणजे?"

"गेली."

साडेदहा वाजले होते. गाडी चालती असली की वारा खोक्यांतून खेळतो आणि पिल्लं टिकतात. उभ्या गाडीत ती कोंडतात. मागून आधी हजारो पिल्लांचा एकच चिवचिवाट येत होता. पंधरा मिनिटांत तो बारीक व्हायला लागला. मला आजही तो आवाज कमी होत जाताना ऐकू येतो. घाटात तेव्हा मोबाइलला रेंज कुठली. मी रस्त्यात उभी राहून येईल त्या गाडीला हात करत होते आणि प्रत्येक गाडी भरलेली.

आणि मग वरून, धुळ्याच्या बाजूने, एक निळा ट्रक उतरला.

खरं सांगू? त्या ट्रकात तुम्ही होतात. म्हटलं, संपलं. आता हा माणूस काच खाली करणार, हसणार, आणि तासाभरात नवापूरभर होणार की हिरव्याची पोरगी घाटात पिल्लं मारून बसली. तुम्ही काच खाली केलीतच. नवा कोरा पांढरा सदरा, कपाळाला गंध. मला वाटलं कुठल्या लग्नाहून येताय.

"काय वं, तुन्हा बापनी गाडी घाट कधी चढनी का?"

बोलले असते तर रडले असते. तुम्ही कान दिलात. तो बारीक झालेला चिवचिवाट तुम्हीही ऐकलात. मग तुमचा चेहरा बदलला. तुम्ही गाडी तशीच पुढे नेलीत, आणि मी मनात तुम्हाला जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. खालच्या रुंद वळणावरून तुम्ही ट्रक फिरवून आणलात आणि आमच्या ट्रकला पाठ लावून उभा केलात.

"मन्ही गाडी रिकामी शे. खोका टाका चाला."

"आप्पा, पण..."

"पिल्लं मरी ऱ्हायनात आनि तू ईचार करी ऱ्हायनी? चाल!"

शंभरावर खोकी होती. तुम्ही, रेवजीदादा आणि मी. मोहाची फुलं वेचून डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या, टोपल्या सावलीत ठेवल्या आणि न विचारता रांगेत उभ्या राहिल्या. पाच जणांनी हातोहात खोकी दिली. एक खोकं माझ्या हातून निसटलं आणि फुटलं. डांबरावर पिवळी पिल्लं चहूकडे. आणि तुम्ही, सहा फूट उंचीचा माणूस, उकिडवे बसून नव्या सदऱ्यात एकेक गोळा करताय, "ये वं माय, ये, ये, चटका लागी तुले." त्या दोन्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पण हसले. त्या दिवशी हसू येईल असं मला सकाळी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

निघताना तुम्हाला आठवलं की ट्रकच्या कपाळावर तुमचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत आहे. "तुन्ही ताडपत्री आन," म्हणालात. आमची हिरवी ताडपत्री तुमच्या नावावरून ओढून बांधली. गाठ तुम्ही स्वतः मारलीत. साक्रीच्या पुढच्या शेडवर पोचलो तेव्हा तिथल्या माणसाने एकदा निळ्या गाडीकडे, एकदा हिरव्या ताडपत्रीकडे पाहिलं. तुम्ही ड्रायव्हरच्या जागेवरून ओरडलात, "हाई ताईनीच गाडी शे. नवा रंग शे!" थोडी पिल्लं दगावली होती, नेहमी दगावतात तेवढीच. मला ते काम मिळालं, आणि आजही आहे.

परतताना मी आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "मी तुन्हासाठे नही कयं. पिल्लंससाठे कयं." आणि घाटात, रेवजीदादा मेस्त्रीची वाट बघत बसले होते तिथे मला उतरवून पुढे गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्या दिवशी दुपारी बारा वाजता तुमच्या किशोरचा साखरपुडा होता. तुमच्या घरी. पाहुणे आले, गुरुजी आले, अंगठी आली, आणि नवऱ्या मुलाचा बाप नाही. तुम्ही धुळ्याला डाळ उतरवून, नवा सदरा घालून, घरीच निघाला होतात. घरी पोचलात संध्याकाळी साडेपाचला. पाहुणे जेवून निघायच्या बेतात. आणि सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "डिझेल सरी गयं रस्तामा."

तीस वर्षं गाड्या चालवणारा माणूस, सात पेढ्यांत ज्याच्या शब्दाला वजन, तो डिझेल भरायला विसरला. स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्याला. नवापूरला महिनाभर दुसरा विषय नव्हता. पंपावर पोरं विचारायची, "आप्पा, आज टाकी भरी का?" लग्नात किशोरच्या सासऱ्याने माइकवरून सांगितलं की वरपक्षाला आहेर म्हणून डिझेलचा कॅन दिला आहे. तुम्ही सगळ्यांत जोरात हसलात. मी मांडवात मागे बसले होते. मी ताट अर्धं टाकून उठले.

गोष्ट गावभर झाली त्याच दिवशी मी धावत तुमच्याकडे आले होते, आठवतं? म्हटलं, आप्पा, मी खरं सांगते सगळ्यांना. तुम्ही माझा हात धरून मला पेढीमागे नेलंत.

"काय सांगशी? तुन्ही गाडी बंद पडनी, हाई सांगशी? दोन दिवस व्हयनात काम मियाले. तो मॅनेजर काय करी, समजस का तुले?"

"पण लोक तुम्हाला हसतात."

"हासू दे. माले हासाले लोके लागतस, तुले काम लागस."

दोन वर्षांनी काम पक्कं झालं तेव्हा मी पुन्हा विचारलं. मग पाच वर्षांनी. मग वडील गेले तेव्हा. दरवेळी तुमचं नवीन उत्तर. शेवटचं तर अगदीच निर्लज्ज होतं, "आते काय सांगस? आते ती गोष्ट मन्ही शे. लोके आयकाले येतस." आणि खरंच, अलीकडे तुम्ही ती स्वतःच रंगवून सांगायचात. त्यात एक बैलगाडी आली, एक पोलीस आला, डिझेलचा डबा घेऊन धावणारा एक भला माणूस आला. मी समोर बसून ऐकायची आणि तुम्ही मला बघून डोळा मारायचात. हा वाद आपला अर्धाच राहिला, आप्पा. मी हरले म्हणून नव्हे, तुम्ही निघून गेलात म्हणून.

बाकी वाद पुष्कळ पुरे झाले. पाच पेढ्या एकेक करून मिटल्या. नव्या कारखान्यांचा माल बाहेरच्या मोठ्या कंपन्या लांबलचक कंटेनरांतून नेऊ लागल्या. आपण दोघे उरलो आणि उरलो म्हणून आणखी भांडलो. मी गाड्यांना जीपीएस बसवला तेव्हा कौतुकाने तुम्हाला मोबाइलवर दाखवलं, हे बघा, रेवजीदादांची गाडी, हा ठिपका, सोनगढच्या पुढे. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत.

"ह्या ठिपकानी जेवण करं का नही, हाई सांगस का तुन्हा मोबाइल?"

मी म्हटलं, नाही सांगत. तुम्ही माझ्याच फोनवरून रेवजीदादांना फोन लावलात, "जेवना का रे?" ते जेवले नव्हते. तेव्हापासून मी रोज दुपारी एकला सगळ्या ड्रायव्हरांना फोन करते. हे तुमच्याकडून उचललं असं तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

आणि जिलबी. काकूंनी तुमची साखर बंद केल्यावर दर शनिवारी सकाळी तुम्ही "हिरव्याची चौकशी करून येतो" म्हणून रस्ता ओलांडायचात आणि माझ्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटाआड उभं राहून दोन वेढे खायचात. काकू, वाचत असाल तर माफ करा. मी दोनच देत होते. तिसरा ते पळवायचे.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते. बायका बसल्या होत्या, मी वैशालीला म्हटलं, जरा आत ये. तुमची सून, किशोरची बायको. त्या दिवशी साखरपुड्याला सासऱ्याची वाट बघत पाटावर बसलेली मुलगी, तिलाच आधी सांगायला हवं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. क्लच प्लेट, खोकी, ताडपत्री, सगळं. म्हटलं, "वैशाली, तुझ्या सासऱ्यांचं डिझेल संपलं नव्हतं. तुझ्या साखरपुड्याला ते माझ्यामुळे आले नाहीत. मी वीस वर्षं गप्प बसले."

ती हळूच हसली.

"ताई, ज्याचं डिझेल संपलं त्याच्या खिशात कोंबडीचं पिल्लू कुठून येईल?"

मला कळेना.

"त्या दिवशी साडेपाचला आले. सासूबाई बोलत होत्या, बोलत होत्या, आणि आप्पांच्या सदऱ्याच्या खिशातून चिवचिव, चिवचिव. सगळे पाहुणे बघताहेत. आप्पांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, डिझेल सरी गयं. पण त्या दिवशी पिल्लांची खेप तुमची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील घरी जाताना म्हणाले, पोरी, हे घर चांगलं आहे, इथे बिनघोर जा."

फुटलेल्या खोक्यातलं शेवटचं पिल्लू. खोकी बंद झाल्यावर सापडलं असेल, खिशात ठेवलंत आणि विसरलात. पुढे ते तुमच्या अंगणात वाढलं, कोंबडी झाली, आणि काकूंनी तिचं नाव डिझेल ठेवलं. ती कोंबडी मी पाहिली होती, आप्पा! काकू "डिझेल, डिझेल" म्हणून दाणे टाकायच्या आणि मला वाटायचं, तुम्हाला चिडवायला ठेवलंय नाव. म्हणजे तुमच्या घरात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माइकवर थट्टा करणाऱ्या तुमच्या व्याह्यांनाही. आणि मला कळू नये की त्यांना कळलंय, म्हणून अख्खं घर वीस वर्षं गप्प. का? मी वैशालीला विचारलं.

"आप्पा म्हणायचे, आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळलं तर ती आपल्याशी भांडायची बंद होईल. उपकार मानत बसेल. मग धंद्यात काय राम?"

आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून इतक्या हसलो की बाहेरून कोणीतरी आत डोकावून गेलं. मग मी रडले. तुम्ही गेल्यापासूनचं सगळं.

किशोर शिक्षक आहे, त्याला गाड्या नकोत. नातेवाईक म्हणत होते, दोन्ही ट्रक काढून टाका. तुम्हीही गेल्या वर्षी तेच म्हणायला लागला होतात आणि मी तुमच्यावर चिडले होते. निघताना वैशालीने मला दारात थांबवलं. "ताई, गादीवर मी बसले तर?"

"बस की."

"तुम्ही शिकवाल?"

"मी? मी तुझी प्रतिस्पर्धी आहे. मी कशाला शिकवू?" असं म्हणाले आणि तासभर तिथेच उभी राहून तिला परमिटपासून टायरपर्यंत सगळं सांगितलं.

तेरावा झाल्यावर ती बसली. आणि आज सकाळी, आप्पा, नंदुरबारच्या व्यापाऱ्याचा फोन आला. सुरतेची मिरचीची गाडी, गेली नऊ वर्षं माझ्याकडे असलेली. म्हणाला, ताई, यंदा निळ्यातून पाठवतोय, तिकडच्या बाईंनी एक दिवस लवकर पोचवायचं कबूल केलंय.

मी फोन आपटला आणि तणतणत बाहेर पडले, तुम्हाला जाब विचारायला. सून दिली सोडून माझ्यावर, ही काय रीत झाली, असं मोठ्याने म्हणतच निघाले. रस्त्याच्या बरोबर मध्ये आल्यावर लक्षात आलं की जाब विचारायला तुम्ही नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या येत होत्या. एका ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता गाडी थांबवली आणि वाट बघत राहिला.

परत फिरावं का पुढे जावं, मला क्षणभर समजेना. मग गेले पुढेच. वैशाली टेबलामागे बसली होती, कानाला फोन, समोर चहा गार झालेला. मला बघून उठली नाही. मी दारातूनच सुरू केलं, तिने फोन ठेवला आणि तीही सुरू झाली. चांगला अर्धा तास भांडलो आम्ही. आवाज स्टेशनापर्यंत गेला असेल.